मातीवरचा ठसा

मे महिन्याच्या अखेरीस आपण गोवेकर घामाने निथळत पावसाची वाट बघत असतो, तेव्हा पॅरिसमध्ये रोलाँ गॅरोसची, म्हणजेच फ्रेंच ओपनची टेनिस स्पर्धा सुरू होते. तिथले मैदान तांबडे. आपल्या पायवाटांवरच्या धुळीची आठवण करून देणारे. म्हणूनच असेल, विम्बल्डनच्या हिरवळीपेक्षा मला ही स्पर्धा जवळची वाटते.

खरे तर ती माती नव्हेच. खाली ठेचलेला चुनखडक आणि वर विटांच्या भुकटीचा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा थर. पण तेवढ्यानेच चेंडू मंदावतो, उंच उसळतो आणि नुसत्या सर्व्हिसच्या जोरावर सामना मारणाऱ्यांची डाळ शिजत नाही. १४ ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्या पीट सॅम्प्रसला इथला चषक कधीच मिळाला नाही. राफाएल नदालने तो २००५ ते २०२२ या काळात १४ वेळा उचलला.

ह्या थराचा आणखी एक गुण आहे. चेंडू पडला की ठसा उमटतो. निर्णयाबद्दल शंका आली, तर पंच खुर्चीवरून उतरतात, वाकून ठसा बघतात. २०२५ पासून पुरुषांच्या एटीपी मालिकेत हे काम यंत्राकडे गेले. त्याच वर्षी माद्रिदला झ्वेरेव्हने मोबाइलने ठशाचा फोटो काढला, तर त्यालाच ताकीद मिळाली! रोलाँ गॅरोसने मात्र २०२५ मध्येही रेषेवरची माणसे कायम ठेवली. जुनाट म्हणून त्यांना अनेकांनी हिणवले. मला विचाराल, तर त्यांनी बरोबर केले.

यंत्र अचूक असते, मान्य. माणूस चुकतो, हेही मान्य. १९९९ च्या अंतिम सामन्यात मार्टिना हिंगीस एक सेट जिंकून पुढे होती. एका निर्णयावर चिडून ती जाळीपलीकडे, स्टेफी ग्राफच्या बाजूला, ठसा दाखवायला गेली. दंड म्हणून एक गुण गेला, प्रेक्षक उलटले आणि सामनाही गेला. एकेरीचे हे विजेतेपद तिला पुढे कधीच लाभले नाही. १७ वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच मातीवर तिने मिश्र दुहेरी जिंकली ती लिअँडर पेसच्या साथीने. पेस घराण्याचे मूळ आपल्या गोव्यातले, म्हणून तो आनंद थोडा आपलाही.

पण ठसा माणसाची परीक्षाही घेतो. २००५ मध्ये रोमच्या मातीवर अँडी रॉडिक मॅच पॉइंटवर होता. व्हर्डास्कोची सर्व्हिस बाहेर गेल्याचा पुकारा झाला, म्हणजे सामना रॉडिकने जिंकलाच. त्याने ठसा बघितला आणि स्वतःच सांगितले, चेंडू आत होता. पुढे तो सामना हरला. आज वीस वर्षांनंतर त्या फेरीतले बाकीचे निकाल कोणाला आठवतात?

निर्णय यंत्राने दिला असता, तर चूक झाली नसती. पण रॉडिकला खरे बोलायची संधीही मिळाली नसती. सगळा न्याय यंत्रावर सोपवला, की प्रामाणिकपणा दाखवायला माणसाला जागा उरते कुठे? ही गोष्ट मला टेनिसपुरती वाटत नाही. तुम्हाला काय वाटते?