उमदा कोंबडा आधी ताटात जातो

मार्वेहून होडीने मनोरीला उतरलेल्या शनिवार-रविवारच्या पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गावठी कोंबडी मिळेल का? मिळते. तांबडी, करडी, ठिपक्यांची, पिवळ्या पायांची. ती बहुतेकदा डीपी क्रॉस नाहीतर कावेरी अशी संकरित असते, कुठल्यातरी शेडमधून टेम्पोत बसून आलेली. पण हे सांगून त्याच्या सुट्टीचा विरस कोण करणार? पांढरी ती ब्रॉयलर आणि रंगीत ती गावठी, एवढीच त्याची पारख. हेही एक प्रमाणच झालं, फक्त फार ढिसाळ.

गावात एकदा मी सुचवलं की वर्षातून एक दिवस आपल्या परसातल्या कोंबड्यांचं प्रदर्शन भरवावं, तुरा, बांधा, पाय, पिसं पाहून गुण द्यावेत आणि त्यातून पैदाशीचे नर-माद्या निवडाव्यात. लोक पोट धरून हसले. हसण्याला माझी हरकत नाही. हसून झाल्यावर जे आक्षेप आले, त्यांना मात्र उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप, हे साहेबी खूळ आहे. खूळ साहेबाचं खरंच. बॉस्टनला पहिलं मोठं प्रदर्शन भरलं १८४९ साली, जातींची लेखी प्रमाणं ब्रिटनमध्ये १८६५ला आणि अमेरिकेत १८७४ला छापली गेली. पण त्या पिंजऱ्यांत बसलेलं रक्त कुणाचं होतं? ‘ब्रह्मा’ नावाची पायांवर पिसं असलेली दांडगी कोंबडी अमेरिकेत घडली, चीनहून गेलेल्या पक्ष्यांपासून. त्यात चितगावकडचंही रक्त असल्याचं मानतात आणि नाव तर थेट ब्रह्मपुत्रेचं. आपला असील, झुंजीचा कोंबडा, कॉर्नवॉलला गेला. तिथल्या हौशींना त्यातून आणखी कडवा झुंजार कोंबडा काढायचा होता. तो झुंजीत नापास झाला, पण छाती अशी रुंद निघाली की ‘इंडियन गेम’ म्हणून प्रदर्शनांत मिरवला आणि पुढे कॉर्निश या नावाने आजच्या ब्रॉयलरचा बाप ठरला. मनोरीच्या हॉटेलात पाहुणा नाक मुरडून जी पांढरी कोंबडी परत पाठवतो, तिच्यात असीलाचा अंश आहे आणि ज्या रंगीत कोंबडीवर तो फिदा होतो, तिची कुळकथा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. आता यातली परकी कुठली?

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. प्रदर्शनाने कोंबडी नासते, म्हणतात. नासते. कोचीन आणि ब्रह्मा सुरुवातीला अंड्यांसाठी नावाजलेल्या होत्या; गुण पिसांना मिळू लागले आणि त्यांच्या उशा झाल्या. काळ्या स्पॅनिश कोंबडीच्या पांढऱ्या गालांचं इतकं कौतुक झालं की गाल वाढत गेले आणि कोंबडी खचत गेली. जपानी बँटमचे आखूड पाय हवेत, म्हणून आखूड पायांचाच नर नि तशीच मादी जुळवली, तर चारातलं एक पिलू अंड्यातच मरतं; त्या पायांचा जनुक दोन्हीकडून आला की जगू देत नाही. असल्या सौंदर्याला गुण देणाऱ्या परीक्षकाला डालग्याखाली झाकून ठेवावं.

पण मग प्रमाणच नको, हा निष्कर्ष कसा निघतो? अमेरिकेत १९४८ साली ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धा झाली. आदर्श कोंबडी कशी दिसावी याचे मेणाचे नमुने केले होते आणि स्पर्धकांचे पक्षी त्या मापाला लावले गेले. जिंकला तो कॉर्निशचा संकर. भरगच्च छाती, झटपट वाढ, कमी खाद्य. वजन पेलताना पायांत लटपटणारी आजची ब्रॉयलर त्याच वाटेने आली. म्हणजे ‘आम्हाला प्रदर्शन नको, आम्ही बाजाराचे लोक’ असं म्हणणारा माणूससुद्धा प्रदर्शनातलीच कोंबडी विकतो आहे. प्रमाण असतंच. ते कुणी लिहिलं, एवढंच विचारायचं असतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात गोड: गावठी कोंबडी मुळातच शुद्ध आहे, निसर्ग तिची निवड करतो, तुम्ही मध्ये पडू नका. निसर्ग करतो हे खरं. घार, मुंगूस, मानमोडी यांच्या परीक्षेतून जो उरला तो उरला. पण त्यानंतर परीक्षक म्हणून बसतो माणूस, आणि तो नेमका उलटे गुण देतो. थोराड, चकचकीत, ऐटबाज कोंबडा कधी कापला जातो? गटारीला, आणि त्यातून वाचला तर नाताळला. हॉटेलवालाही बोट दाखवतो ते त्याच्याकडेच. मागे उरतो तो किडमिडा, आणि पुढच्या वर्षीच्या साऱ्या तलंगांचा बाप तोच होतो. ही निवड पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, फक्त खालच्या दिशेने. प्रदर्शनाचं माझं सगळं समर्थन एवढ्यावरच उभं आहे. उमद्या कोंबड्याला जिवंत ठेवण्यासाठी मालकाला काहीतरी कारण द्या. एक ढाल द्या, चार पिलांना चढा भाव द्या.

हे हवेतलं नाही. झुंजी लावणं १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूत दिंडिगलच्या बाजूला पोपटचोचीचे, लांब शेपटीचे असील आता झुंजीऐवजी प्रदर्शनात उभे राहतात. चोचीचा बाक, शेपटीचा झोक पाहतात, रक्त सांडत नाही, आणि जातिवंत नर सुरीपासून वाचतो.

आपल्याकडे बसरा आहे. नंदुरबार-धुळ्याच्या आणि पलीकडे सुरतेच्या आदिवासी परसातली ही लहानखुरी कोंबडी, वर्षाला जेमतेम ४०-५५ अंडी देणारी. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत तिची जात म्हणून नोंद आहे. पण २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आला तो याच मुलखातल्या नवापूरला, आणि शेडमधल्या कोंबड्यांबरोबर परसातल्याही मारल्या गेल्या. कागदावर नाव असून भागत नाही. कुठला पक्षी राखायचा हे डोळ्यांनी ओळखणारी माणसं गावोगाव लागतात.

मनोरीचं प्रमाण मी लिहिलं तर रंगाला गुण थोडे, तेही घारीला चटकन न दिसणाऱ्या मातकट रंगाला. बोडक्या मानेला नाकं मुरडू नयेत. पिसं कमी असल्याने अशी कोंबडी उकाडा सोसते, आणि इज्जतनगरच्या पक्षी-संशोधन केंद्राने त्या गुणावर ‘हितकारी’ नावाचा वाण उभा केला आहे. सगळ्यात जास्त गुण खुडूक बसून पिलं वाढवणाऱ्या मादीला. शेडच्या जातींतून तो गुण मुद्दाम काढून टाकलेला आहे.

हे सगळं मी शेजारच्या मावशींना ऐकवलं. गेल्या नाताळातून त्यांनी एकच कोंबडा मागे ठेवला होता, तुरा कलंडलेला, एक नख तुटलेलं. हाच का, विचारलं.

“याच्या पोरी पिलं टाकून उठत नाहीत,” मावशी म्हणाल्या. “तुझ्या प्रदर्शनात याला किती गुण?”

तुऱ्याचे तर गेलेच, मी म्हणालो.

“मग याला नको नेऊस. पोरींना ने.” आणि डालगं झाकून त्या वैलावरचा भात पाहायला आत गेल्या.