टाळी वाजवणाऱ्यांच्या बाजूने

टाळी कधी वाजवायची, हा प्रश्न आमच्या फोपनारात कुणाला पडत नाही. हरिपाठाला टाळी असतेच. भजनात गवळण रंगली की म्हातारीकोतारी माणसंही हात उंचावून गाणाऱ्याला हुरूप देतात, आणि समोरचे गप्प बसले तर बुवाच अस्वस्थ होतात. मुंबईत मात्र सिम्फनीच्या कार्यक्रमात टाळी वाजवली म्हणून माणसं ओशाळून मान खाली घालताना मी पाहिली. ते मला अजून सलतं आहे.

कार्यक्रम चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा होता. सोबत मामा होते. मामा आमच्या भागातले जुने पखवाजी. पाश्चात्त्य संगीताशी त्यांची ओळख म्हणजे ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातलं तलत-लताचं द्वंद्वगीत. त्याची चाल सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीवरून बांधली, हे मी त्यांना गाडीत सांगितलं, तेव्हा त्यांनी ती चाल बऱ्हाणपूर ते भुसावळ गुणगुणत नेली.

पहिल्या भागात एका जागी आवाज खाली खाली उतरत जातो. बासूनच्या शेवटच्या सुरांखाली चायकोव्हस्कीने ‘हळू’ची खूण एकदा-दोनदा नव्हे, सहा वेळा लिहिली आहे. कान तिथे टेकतात न टेकतात तोच सगळा वाद्यवृंद तुटून पडतो. घरी ऐकताना हे पुरतं कळत नाही, कारण हळू जागा आली की आपण आवाज वाढवतो. सभागृहात आमची अख्खी रांग दचकली. शेजारच्या बाईंच्या मांडीवरची कार्यक्रमपत्रिका खाली पडली. दुसरा भाग पाच मात्रांचा. वॉल्ट्झ तीन मात्रांचा असतो, हा पाचांवर चालतो, तरी कुठे अडखळत नाही. मामांची बोटं गुडघ्यावर चालू झाली होती, दोन-तीन, दोन-तीन. “अरे, हे तर झपतालाचं अर्धं आवर्तन,” ते कानाशी म्हणाले.

मग तिसरा भाग. सुरुवातीला नुसती सळसळ, हळूहळू त्यातून कूच उभं राहतं, आणि शेवटी पितळी वाद्यं, मोठा ढोल, झांजा असा काही जल्लोष होतो की कार्यक्रम संपलाच असं वाटावं. निम्म्या सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. मामांनीही केला. पुढच्या रांगांमधून “शूऽऽ” आलं. मामांचे हात अर्ध्यावर थांबले. “चुकलं का रे काही?”

नाही चुकलं, मामा. सिम्फनीच्या चारही भागांत श्रोत्याने मिटून बसावं, ही शिस्त पुष्कळ उशिराची. ती पक्की झाली विसाव्या शतकात. १७७८ मध्ये पॅरिसच्या लोकांनी आपल्या सिम्फनीत, संगीत चालू असताना, टाळ्या वाजवल्या हे मोझार्टने वडिलांना आनंदाने कळवलं होतं. ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नात बेथोव्हनची सातवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा लोकांनी दुसरा भाग पुन्हा वाजवायला लावला. बालगंधर्वांच्या नाटकाला जाणाऱ्यांना हा ‘वन्स मोअर’ समजावून सांगावा लागला नसता. आणि ब्राम्स! ७ मार्च १८९७ ला व्हिएन्नात हान्स रिख्टरने त्याची चौथी सिम्फनी वाजवली. आजाराने पोखरलेला ब्राम्स बॉक्समध्ये बसून ऐकत होता. प्रत्येक भागानंतर लोक टाळ्या वाजवत राहिले. ३ एप्रिलला तो गेला. त्या दिवशी कुणी “शू” केलं असतं, तर त्या माणसाला आपल्या गावाचा निरोप कसा मिळाला असता?

आपल्याकडे हे संगीत काल आलेलं नाही. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सिम्फनी वाजवणारे कितीतरी गोवेकर वादक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणातही वाजवत. २००६ मध्ये खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालीव्ह यांनी एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. हे टिकायचं तर सभागृहात नवी माणसं यायला हवीत, आणि नवा माणूस टाळी वाजवणारच. त्याला गप्प करणं हा मला संगीताचाच अपमान वाटतो.

चौथ्या भागाच्या सुरुवातीला मी व्हायोलिनवाल्यांच्या गजांकडे पाहत होतो. ती कोसळत येणारी धून कुणीच वाजवत नाही. तिचा एक सूर पहिल्या व्हायोलिनांकडे, पुढचा दुसऱ्यांकडे, असे सूर वाटून दिलेले आहेत. एकेका गटाचं ऐकलं तर नुसत्या वेड्यावाकड्या उड्या. धून जुळते ती आपल्या कानात. श्रोत्याला रचनेत याहून मोठी जागा काय द्यायची? शेवटी चेलो आणि डबल बास विझत विझत गेले. तेव्हा एकही हात हलला नाही. तिसऱ्या भागानंतर ज्यांना दटावलं गेलं, तीच माणसं सगळ्यात जास्त वेळ स्तब्ध होती. कुठे टाळी आणि कुठे मौन, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मला तर वाटतं, त्या टाळ्यांमुळेच पुढचा शोक अधिक खोल गेला.

श्रोत्याचं मन हा या सिम्फनीच्या इतिहासाचाच भाग आहे. २८ ऑक्टोबर १८९३ ला सेंट पीटर्सबर्गला चायकोव्हस्कीने स्वतः ती पहिल्यांदा वाजवून घेतली, तेव्हा लोक गोंधळले. काय म्हणावं त्यांना सुचेना. नऊ दिवसांनी तो वारला. १८ नोव्हेंबरला नाप्रावनिकने तीच रचना पुन्हा सादर केली आणि सभागृह हेलावून गेलं. ऐकणाऱ्यांच्या मनात मधल्या तीन आठवड्यांत एक मृत्यू येऊन गेला होता.

परतताना पंजाब मेलमध्ये मी मामांना ब्राम्सच्या त्या चौथ्या सिम्फनीबद्दल सांगितलं. तिच्या अखेरच्या भागात आठ मापांचा एकच आराखडा पुन्हा पुन्हा फिरतो आणि दर फेरीला त्यावर नवं काही उभं राहतं, अशा तीस फेऱ्या. मामा उठून बसले. “म्हणजे ठेका धरून ठेवायचा आणि वर बढत करायची,” ते म्हणाले. “ही कुठे वाजणार असेल तेव्हा मला घेऊन चल. आणि टाळी मी वाजवणार.”