एकटीसाठीही फोडणी

"एकटीपुरती काय फोडणी देत बसू वं?" मोर्शीत हे वाक्य आता बऱ्याच घरांत ऐकू येतं. पोरं पुण्याला नोकरीवर, संत्र्याची बाग ठोक्यानं दिलेली, आणि सहा माणसांच्या अंदाजाची गंजं फळीवर पालथी. मग संध्याकाळी दूध-पोळी, नाहीतर सकाळची भाकर अन् तेल-तिखट. मला हे अजिबात मान्य नाही. जन्मभर घरादाराला रांधून घालणाऱ्या बाईला म्हातारपणी स्वतःच्या ताटात चव मिळायलाच हवी.

खरी अडचण मापाची आहे. कमलाबाई ओगले यांच्या १९७० च्या 'रुचिरा'नं वाटी-चमच्याची मापं घरोघरी नेली. त्या मापानं जिन्नस कमी करणं सोपं, वाटी लहान घ्यायची की झालं. आच आणि वाफ मात्र वाटीचं ऐकत नाहीत. तांदूळ निम्मा केला म्हणून पाणी निम्मं घातलं, तर भात फडफडीत राहतो. कारण वाफ किती उडणार हे तांदळावर कमी आणि भांड्याच्या तोंडावर जास्त ठरतं. तेलाचंही तसंच. चमचाभर तेल मोठ्या कढईत पसरून जातं, निम्मी मोहरी कच्ची राहते आणि हिंग करपतो.

म्हणून आधी भांडी लहान करावीत. गोळाभात घ्या. अर्धी वाटी तांदूळ अरुंद गंजात, सव्वा वाटी पाण्यात शिजत ठेवावा. पाव वाटी हरभरा डाळीच्या भरड्यात तिखट, हळद, हिंग, मीठ, बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि चमचाभर तेलाचं मोहन घालून, पाण्याच्या हबक्यावर लिंबाएवढे गोळे वळावेत. भातावरचं पाणी आटत आलं की गोळे वर ठेवून घट्ट झाकण, मंद आच. फोडणी पळीत करावी. पळी जरा तिरपी धरली की दोन चमचे तेलाचंही डबकं साचतं, मोहरी नीट तडतडते, लाल मिरची फुगते. ती फोडणी फोडलेल्या गोळ्यांवर ओतायची, सोबत चिंचेचं सार. या तेलात काटकसर नको. गोळा कोरडा लागला की घास उतरत नाही.

पाटवडीच्या रश्श्याचं गणित निराळं. एका माणसापुरतं वाटण मिक्सरमध्ये फिरतच नाही, पात्याच्या खाली बसून राहतं. तेव्हा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदाच भरपूर करून तेलात परतावं, चमच्या-चमच्यानं गोठवावं. रश्श्यात मीठ अगदी शेवटी घालावं. थोडा रस्सा भराभर आटतो आणि आधीचं बेताचं मीठ खारट होऊन बसतं.

रोडगे मात्र एकटीसाठी करूच नयेत. दोन रोडग्यांसाठी गोवऱ्या पेटवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी शेजारच्या दोन घरांना सकाळीच सांगून ठेवावं आणि वांग्याची भाजी मोठ्या गंजात टाकावी.