पाचशे एक रुपयांची जीवदया



दशलक्षण पर्व संपले, क्षमावणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरांच्या निवाऱ्याचे फाटक उघडायला गेले, तर बाहेर पावसात भिजलेला पुठ्ठ्याचा खोका. आत पाच पिल्ले, डोळेही न उघडलेली. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत ५०१ रुपये आणि चिठ्ठी : 'जीवदयेसाठी.' अक्षर सुबक होते. आपल्यातल्याच कुणा बाईचे असावे.

त्या बाईंना, आणि असे करणाऱ्या सगळ्यांना, आज स्पष्ट सांगते. ही जीवदया नव्हे. आपल्या दारातले ओझे दुसऱ्याच्या दारात ठेवणे आहे.

मी कॉमर्सवाली, म्हणून आधी हिशोब. बिनआईच्या पिल्लांना दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, खास पावडरीचे दूध बाटलीने पाजावे लागते. गाईच्या दुधाने जुलाब होतात. सतत ऊब लागते. आई जिभेने चाटून शी-शू करवते, ते काम आपल्याला ओल्या कापसाने करावे लागते. ५०१ रुपयांत पहिला आठवडाही निघत नाही. सूर्यास्तानंतर मी पाणीही घेत नाही, पण रात्री दोनला आणि चारला उठून बाटल्या भरत होते. पाचांतली दोन गेली. दहाव्या दिवशी एकीचे डोळे किलकिले झाले, तेव्हा सगळी जागरणे विसरले. हे सुख खरे आहे, नाकारत नाही. पण त्या दोघांचे काय?

आता आपल्या बायका मला काय ऐकवतात ते. 'मांजर मांसाहारी. पांजरपोळीत गाय सांभाळा, पुण्य लागेल.' अहो, मुंबईची पांजरपोळ कशी निघाली? १८३२ साली सरकारी हुकमाने भटकी कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. पुढे १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ सुरू झाली. कुत्र्यांवरून! कुत्रा कधी शाकाहारी होता? दिल्लीच्या आपल्या लाल मंदिरातले पक्षी रुग्णालय शिकारी पक्ष्याला दाखल करून घेत नाही, पण उपचार करूनच सोडते.

मांजराला वरणभातावर ठेवता येत नाही, हेही सांगते. टॉरिन नावाचे द्रव्य तिच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांसातून मिळते. मिळाले नाही तर डोळे जातात, हृदय दुबळे होते. आमच्याकडे तयार खाद्याची पाकिटे येतात. त्यात काय असते ते मला ठाऊक आहे. त्याचा सल आहे, रोज त्याची आलोचना करते. म्हणूनच म्हणते, जन्मच कमी होऊ द्या. मांजरे कमी, तर ती पाकिटेही कमी.

तर म्हणतात, 'नसबंदी म्हणजे छेद. तो अतिचार.' तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. छेद बरा आठवतो, अन्नपाननिरोध कसा विसरतो? न पाजता पावसात ठेवलेला खोका दुसरे काय आहे? त्याच ग्रंथात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी येतो. भूल देऊन, पुढची उपासमार टाळण्यासाठी डॉक्टरांनी केलेले ऑपरेशन प्रमाद, की रात्री गुपचूप ठेवलेला खोका?

मांजरी पाच-सहा महिन्यांत वयात येते, नऊ आठवड्यांत विते, वर्षात दोन-तीनदा. दर वेळी चार पिल्ले धरा, वर्षाला आठ ते बारा झाली. तेवढी आमच्या दारात आली की गर्दी होते, आणि गर्दीत पॅनल्युकोपेनियाची साथ शिरली की पिल्ले पटापट जातात. वाचवायला आणून सोडता आणि मरायला सोडून जाता.

उपाशी मरेल अशा स्थितीत प्राण्याला टाकणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. त्याला कोण भिणार? कर्माला भ्या.

या वर्षी देणगीची पाटी नको. ज्या मांजरीला दूध घालता, तिचे ऑपरेशन स्वतः करवून आणा. चार दिवस घराच्या एका कोपऱ्यात ठेवा, टाके सांभाळा. हातून न जमणाऱ्यांनी दुसरीच्या मांजरीचा खर्च उचला, किंवा आमच्याकडे येऊन एक रात्रीची पाळी घ्या.

आणि खोकेवाल्या ताई, तुमचे नाव विचारणार नाही. तीन पिल्ले छान आहेत. त्यांची आई तुमच्याच आवारात असेल. ती पुन्हा गाभण राहण्याआधी तिला घेऊन या. तुमचे ५०१ रुपये मी तिच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवले आहेत. कमी पडतील ते मी घालते.