सोड ना, घरचाच खेळ आहे!

काही वाक्यं दिसायला मोठी समंजस असतात आणि करतात मात्र भलतंच. "सोड ना, घरचाच खेळ आहे" हे त्यातलं माझं सर्वात नावडतं. पत्त्यांच्या डावात कुणी लबाडी करतंय असा संशय आला, की दोन मिनिटांत हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून पडतंच. (नातेवाईक मंडळी हे वाचतात याची कल्पना आहे. आत्या, हे तुझ्या घराबद्दल नाही. म्हणजे फक्त तुझ्या घराबद्दल नाही.)

आमच्या कोपरखैरण्यात पत्त्यांना निमित्तांची वाण नाही. गटारी, गणपतीचं जागरण, कोजागिरी, दिवाळी. तीन टाकीच्या कुठल्याही बाजूला जा, माथाडींच्या वसाहतीत, सिडकोच्या बिल्डिंगमध्ये नाहीतर रो-हाउसमध्ये, चटई अंथरलेली आणि मधोमध तीन पत्ती. नव्या पोरांचं पोकर असतं, चिप्सची पेटी घेऊन येतात. बूट पाच-दहा रुपये. रात्रभरात कुणी पाचशे हरतो, कुणी सातशे जिंकतो. एवढ्याशा पैशांसाठी कोण लबाडी करेल, असं म्हणणाऱ्यांनी कॅरममध्ये स्ट्रायकर पुढे सरकवणारा मामा पाहिलेला नसावा. तिथे तर पैसेही नसतात.

आता "सोड ना" म्हणून नक्की काय सुटतं? संशय तर सुटत नाहीच. तो जिन्यात उतरतो, पार्किंगमध्ये कुजबुजतो, आणि मग ज्याच्यावर संशय आहे तो सोडून सगळ्यांच्या कानापर्यंत पोचतो. आमच्या ओळखीत हे घडलं आहे. एका गृहस्थांना सलग दोन-तीन रात्री भरपूर पानं लागली. कुणीतरी म्हणालं, हात चलाख दिसतो. समोर कुणीच काही बोललं नाही, कारण घरचाच खेळ! पुढच्या वेळी त्यांना बोलावलंच नाही. त्याच्या पुढच्या वेळी त्यांच्या बायकोला हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायचं 'राहून गेलं'. त्यांनी लबाडी केली होती का? कुणालाच माहीत नाही. एकानेही कॅट मोजला नव्हता, एकानेही विचारलं नव्हतं. खटला नाही, साक्ष नाही, थेट शिक्षा. याला आपण भिडस्तपणा म्हणतो आणि वर स्वतःला सज्जनही समजतो!

बरं, संशयाचा पाया काय? तर "त्याला एका रात्रीत दोनदा ट्रेल लागलं". जरा आकडेमोड करूया. ५२ पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात, त्यातले ५२ ट्रेलचे. म्हणजे साधारण ४२५ हातांत एक. सहाजण शंभर डाव खेळले की ६०० हात वाटले जातात. म्हणजे रात्रभरात कुणाला ना कुणाला एखाद-दुसरं ट्रेल लागणं अगदी साहजिक. आणि सहांपैकी कुणा एकालाच दोन किंवा जास्त ट्रेल लागण्याचा योग अशा सात-आठ रात्रींत एकदा येतो. तो योग ज्याच्या वाट्याला येईल तो चोर, असं धरलं तर दरवर्षी सोसायटीतला एक माणूस आळीपाळीने बदनाम होईल. चांगली पानं लागणं हा पुरावा नाही. हरलेल्याला तो वाटतो, एवढंच.

"सोड ना"वाल्यांच्या विरुद्ध टोकाला दुसरा पंथ आहे. "गप्प बसा, नजर ठेवा, रंगेहाथ पकडू." हा मला तितकाच धोकादायक वाटतो. इंग्लंडात १८९० च्या सप्टेंबरमध्ये ट्रॅन्बी क्रॉफ्ट नावाच्या बंगल्यात असंच झालं. विल्सन नावाच्या श्रीमंत जहाजमालकाचं घर, पाहुण्यांत खुद्द युवराज एडवर्ड, आणि खेळ बॅकरा. पहिल्या रात्री यजमानांच्या मुलाला वाटलं, की विल्यम गॉर्डन-कमिंग हे लष्करी अधिकारी निकाल लागल्यावर आपल्या चिप्स कमीजास्त करतात. विचारलं का? नाही. घरच्या काहीजणांच्या कानावर घातलं. दुसऱ्या रात्री टेबलावर खडूने रेघ मारली, पण का ते सांगितलं नाही. आणि ज्यांच्या कानावर गेलं होतं त्यांतल्या काहींना नेमकं तेच 'दिसलं'! मग त्यांच्याकडून लिहून घेतलं, की यापुढे पत्त्यांना हात लावणार नाही, बदल्यात आम्ही गप्प राहू. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ही काही झाकलेली राहिली नाही. गोष्ट फुटली, त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, १८९१ च्या जूनमध्ये युवराजांना साक्षीला उभं राहावं लागलं, आणि ज्यूरीने १३ मिनिटांत दावा फेटाळला. माणूस सैन्यातून गेला, समाजातून उठला. वाद २२५ पौंडांचा होता. त्यांनी खरंच लबाडी केली का, यावर आजही एकमत नाही.

इतकं लांब कशाला जायचं? भागवताच्या दशम स्कंधातलं लग्नघर आठवा. अनिरुद्धाचं लग्न, गाव भोजकट, म्हणजे आपलं विदर्भच. व्याह्यांच्यात द्यूत रंगलं. बलराम डाव जिंकला तरी रुक्मी म्हणे मीच जिंकलो. भोवतीचे राजे काय करत होते? हसत होते. कलिंगाचा राजा तर दात विचकून. खरं काय ते सांगायला शेवटी आकाशवाणी व्हावी लागली, आणि रुक्मीने तीही मानली नाही. शेवट ठाऊक आहेच. रुक्मीचा जीव गेला आणि कलिंगराजाचे दात. माझ्या मते त्या गोष्टीत रुक्मीइतकेच दोषी ते हसणारे आहेत. खरं-खोटं समोर दिसत असताना त्यांनी मजा पाहिली.

आपल्याकडे आकाशवाणी होत नाही. कोर्टही उपयोगाचं नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचे पैसे दावा लावून वसूल करता येत नाहीत. म्हणजे घरच्या खेळात न्याय करायचा तो बसलेल्यांनीच. तो कसा करायचा?

माझं म्हणणं सोपं आहे. संशय आला की माणसाकडे बघू नका, खेळाकडे बघा. त्याच रात्री, सगळ्यांसाठी, मोठ्याने सांगून नियम लावा. बसताना पत्ते मोजा आणि मध्यरात्री पुन्हा मोजा. एकाने पिसायचे, दुसऱ्याने काटायचे, आणि तळाला जोकर ठेवायचा, म्हणजे वाटताना खालचं पान कुणाला दिसत नाही. चाल सगळ्यांना दिसेल अशी मधोमध टाकायची. सुट्ट्यांची भानगड नको म्हणून चिंचोके घ्या, हिशोब शेवटी एकदाच. नवरा-बायको किंवा जिवलग मित्र शेजारी बसवू नका. साइड शो शेजाऱ्याकडेच मागायचा असतो, तेव्हा खुणांची निम्मी सोय तिथेच संपते. यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. जो सरळ आहे त्याचं काही जात नाही, जो वाकडा आहे त्याला निमूट सरळ होता येतं.

आणि डोळ्यांनी काही पाहिलंच तर? तो डाव तिथल्या तिथे रद्द करा, ज्याचे त्याला परत द्या. दुसऱ्या दिवशी एकाने जाऊन एकट्याला विचारावं. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, बायकोमार्फत नाही. "तू चीटर आहेस" असं नाही, तर "काल त्या डावात तुझी चाल पडलेली मला दिसली नाही" असं. त्याला उत्तर द्यायची संधी मिळते, आणि कधीकधी उत्तर असतंही. तरीही पुन्हा तेच झालं, तर पैशांच्या डावाला बोलावणार नाही हे तोंडावर सांगावं. जेवायला मात्र बोलवावं. पत्ते वेगळे, पंगत वेगळी.

"एवढे नियम करायचे तर मजा काय राहिली?" हा प्रश्न येणारच. वन टप्पा आउट, कंपाउंडबाहेर गेला तर आउट, एलबीडब्ल्यू नाही, हे सगळं पहिल्या बॉलच्या आधी ठरवल्याशिवाय आपण कधी गल्लीत क्रिकेट खेळलोय का? तेव्हा कुणाची मजा गेली नव्हती. भांडणं व्हायची, पण तोंडावर व्हायची, आणि संध्याकाळी सगळे पुन्हा मैदानात असायचे.