गुप्ती आणि विळा

फर्दापूरच्या फाट्यावर अजिंठ्याच्या लेण्यांकडे निघालेले प्रवासी आणि शेताकडे निघालेले गावकरी एकमेकांना ओलांडून जातात. गावकऱ्याच्या हातातील विळ्याला कोणी दचकत नाही, कारण तो सर्वांना दिसतो. एखाद्या प्रवाशाच्या काठीत गुप्ती असली, तर ती मात्र कोणास दिसावयाची नाही.

1959 चा शस्त्र अधिनियम व त्याखालील 2016 चे नियम शेतीच्या अवजारांना मोकळीक देतात आणि गुप्तीला नाव घेऊन शस्त्रांत घालतात. हे सर्वस्वी योग्यच. परंतु चाकूची गोष्ट निघताच हेच नियम फूटपट्टी काढतात! पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद हवे. खटका दाबताच उघडणारा सहा इंची रामपुरी या मापातून निसटतो. सहा इंचांनी माणूस मरत नाही, असे का नियमकर्त्यांस वाटले? ब्रिटनने त्याच 1959 साली खटक्याच्या चाकूची विक्रीच बंद केली. तेथे माप नव्हे, करणी पाहिली गेली.

केंद्राने चौथ्या कलमाखाली एखाद्या प्रदेशापुरती अधिसूचना काढली, की ही फट तेथे बुजते. खुद्द दिल्लीसाठी 1980 साली तसे करावे लागले. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 37 व्या कलमाखालील मनाई तर मुदतीपुरतीच. सण सरला की तीही सरते.

शस्त्रे हा विषय केंद्राच्या सूचीतील आहे. तेव्हा खटक्याच्या चाकूचे नाव गुप्तीच्या शेजारी, मूळ नियमांतच, यावे असा आग्रह राज्य सरकारने दिल्लीकडे धरला पाहिजे.