भिंत कुणासाठी?

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या भाचीने तळोज्याला नवा ब्लॉक घेतला. राहायला जाताच तिने मला बोलावणे धाडले. "मावशी, बैठकीतल्या मोठ्या भिंतीवर वारली चौक हवाय. हे म्हणतात छापील कागद चिकटवू, मी म्हणते रंगवून घेऊ. आठ दिवस आमचं वाजतंय!"

मी म्हटले, "कागद की रंग हे मागाहून. आधी चित्र कुठले ते पाहू."

वारल्यांच्या घरी लग्नात सवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. त्याच्या मधोमध पालघट देवी असते. चौकावाचून लग्न लागत नाही. भास्कर कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास डहाणूकडे या चित्रकारांच्या हाती कागद दिला. पुढे गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगापुढे नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. देवीचा चौक टेलिव्हिजनच्या डोक्यावर कशाला? त्यापेक्षा तारप्याचा नाच घ्यावा, भातलावणी घ्यावी. ही चित्रे बैठकीत शोभतात.

मग भिंत पाहिली. ती पश्चिमेची, म्हणजे पावसाचा मारा खाणारी. कोकणात अशा भिंतीवर कागद सुटतो आणि रंगाला पोपडे धरतात. भगिनींनो, एक सोपी परीक्षा सांगते. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दोन दिवसांनी भिंतीच्या अंगाला पाणी सुटलेले दिसले, तर ती भिंत सोडावी. भाचीची भिंत या परीक्षेत नापास झाली.

राहिली आतली भिंत. तिच्यासमोर दिवाण होता आणि दिवाणावर भाचीच्या सासूबाई. मी त्यांना विचारले, "विहीणबाई, तुम्हाला काय आवडेल?"

त्या संकोचल्या. "मला काय विचारायचं? पण त्या पुस्तकातल्या बारीक ठिपक्यांनी डोळे शिणतात. दिवसभर समोर मीच असते ना!"

नवरा-बायको एकमेकांकडे पाहू लागले. आठ दिवसांच्या भांडणात हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता!

शेवटी ठरले ते असे: गेरूच्या रंगावर तारप्याचा नाच, चार फूट रुंद आणि तीन फूट उंच. माणसे थोडी आणि ठसठशीत, भोवती मोकळी जागा भरपूर. चित्राचा मध्य बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर. बाकीच्या भिंती साध्याच ठेवायच्या, कारण एका खोलीत एकच नक्षी पुरे. आणि चित्र वारली कलावंताच्या हातचे, मोबदला आधी ठरवून.

परवा पुन्हा गेले होते. विहीणबाई म्हणाल्या, "रोज दुपारी त्या नाचातली माणसं मोजते. कधी एक जास्त भरतं!"

तेव्हा यंदा भिंत सजवणार असाल, तर नमुन्यांची पुस्तके उघडण्याआधी त्या भिंतीसमोर रोज कोण बसते ते पाहा आणि त्या माणसाला आधी विचारा.